माघातली राखी

“बांध पोरी, लाजतीस कशाला?” दगडूअप्पा म्हणाले.

माझ्या हातात राखी होती आणि महिना माघ होता. राखीपौर्णिमा कधीच होऊन गेलेली. पण आमच्या कासारखेडला एकदा काही सुचलं की ते मुहूर्तासाठी थांबत नाही. माणूस धाडून वाण्याला त्याच्या माळ्यावर चढवलं, आणि त्यानं गेल्या सालची उरलेली, उंदरांनी एका बाजूनं चाखलेली स्पंजाची राखी खाली काढली. फुंकर मारून धूळ उडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

समोर मारुतीच्या ओट्यावर कैलास मांडी घालून बसला होता. डोक्यावर पांढरा रुमाल, कपाळाला गंध, उजवा हात पुढे. एस्टी स्टँडजवळ त्याचं बी-बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. मी बार्शीच्या कॉलेजात जायला लागले तेव्हापासून ह्या माणसानं माझी पाठ धरली होती. मी एस्टीत चढले की हा चढायचा, मी उतरले की हा उतरायचा. बोलायचा नाही, नुसता बघायचा. आणि मागच्या आठवड्यात पिठाच्या गिरणीमागे त्यानं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला कडकडून चावून, दळणाचा डबा तिथंच टाकून मी घरी पळत आले होते.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी म्हटलं, ठाण्यात चला. अण्णा गेले ते गावच्या पोलीस पाटलाकडे, दगडूअप्पांकडे.

“ठाण्यात जाऊन काय मिळणार?” अप्पांनी त्यांना समजावलं. “त्यो दोन दिसात सुटून यील. पोरीचं नाव मातूर कायमचं चावडीवर येणार. त्यापरीस राखी बांधून टाकू. भाऊ झाला, विषय संपला.”

गावातल्या सगळ्या शहाण्यांनी माना डोलावल्या. असलं प्रकरण मिटवायची ही आमच्याकडची जुनीच रीत. पोरगा पोरीच्या मागं लागला की त्याला तिचा भाऊ करून टाकायचं. औषध स्वस्त आणि घरच्या घरी.

मी राखी बांधली. त्याच्या मनगटावर माझ्या दातांचे वण अजून लाल होते, त्यांच्या जरा वर गाठ आली. रागानं मी ती गाठ इतकी करकचून मारली की त्याची शीर फुगली. त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं, ओवाळणी म्हणून साडी दिली आणि भरल्या गळ्यानं गावाला सांगितलं, “आजपास्नं हेमाताई माझी पाठची बहीण. तिच्याकडं कुणी वाकड्या डोळ्यानं बघितलं तर गाठ ह्या कैलासशी हाय.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या आईनं तर हुंदकाच दिला. आईला मी एकटी, मुलगा नव्हता, आणि त्या दुपारी तिला तो आयता मिळाला. मी मात्र कैलासकडे बघत होते. माझ्या पायांवरून उठताना त्यानं वर पाहिलं, आणि त्याची नजर तीच होती, एस्टीतली. काडीचाही फरक नव्हता. आता ती लपवायची त्याला गरज उरली नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीतून ओल्या केसांनी बाहेर आले, तर हा आमच्या चुलीपुढं पाटावर बसून चहा पीत होता.

“ह्याला आत कुणी घेतलं?” मी किंचाळले.

“अगं बया, भाऊ हाय तुझा,” आई म्हणाली. “भाऊ चुलीपतुर येणार न्हाई तर काय वेशीत उभा ऱ्हाणार?”

“ऱ्हाऊ दे काकू,” कैलास हसत म्हणाला. “ताईला सवय व्हायची हाय अजून.”

सवय होण्याची गोष्ट खरी होती, फक्त ती सगळ्या गावाला झाली. पूर्वी तो एस्टीत माझ्यामागं बसायचा. आता मोटरसायकल दारात लावून म्हणायचा, भाऊ असताना एस्टीचे धक्के कशाला? मी नको म्हटलं की आई माझ्यावर डाफरायची. वर्गातल्या एका मुलानं कॉलेजच्या फाटकात माझ्याशी दोन शब्द बोलल्याचं निमित्त झालं, कैलासनं त्याचं नाक फोडलं, आणि कासारखेडमध्ये त्याचं कौतुक झालं. सख्खा भाऊसुद्धा एवढं करायचा नाही, म्हणे. मला बघायला येणाऱ्या स्थळांची चौकशी करायला, रीतीप्रमाणे, भाऊ म्हणून तोच जायचा. तो जाऊन आला की स्थळ गप्प व्हायचं. दुसऱ्या स्थळाच्या आत्यानं पुढं कधीतरी आईच्या कानात सांगितलं की मुलीला फिट येतात असं तुमच्याच घरच्या माणसानं सांगितलं. आईनं त्याच आत्यावर आग पाखडली.

मी अण्णांना एकटं गाठून सांगितलं. माझे अण्णा गरीब गाय होते. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसते कानांवर हात ठेवले.

“हेमे, राखी बांधलीया तू त्याला. त्याच्याबद्दल असलं मनात आणणं म्हंजी पाप गं.”

आणि ती राखी! तो ती काढतच नव्हता. आंघोळीला नाही, झोपताना नाही. स्पंज कधीच झडला, रंग उडाला, शेवटी नुसता काळा दोरा उरला, तरी तो हातात होता. गाव म्हणायचं, माया असावी तर अशी. तो दोरा दिसला की मी तोंड फिरवायचे.

घरातल्या माझ्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. रिबन, फणी, एका पायातली चप्पल. वेणी घातल्यावर निघणाऱ्या केसांचा गुंतवळ मी भिंतीतल्या फटीत खोचून ठेवायचे. केस घेणारी बाई आली की आई तो देऊन वाटी घ्यायची. तोही जागेवर सापडेना. आईनं सगळं उंदरांवर ढकललं, आणि मीही तेच मानलं.

अशी तीन वर्षं गेली. मग सुधाकरचं स्थळ आलं. मोहोळच्या शाळेत मास्तर. कैलास मालाच्या खरेदीसाठी पुण्याला गेलेला असताना सुधाकरच्या मामांनी अण्णांना बाजारात गाठलं, दोघांचं जुळलं, मंडळी घरी आली आणि त्याच बैठकीत सुपारी फुटली. चौकशीला जायला भाऊ हजरच नव्हता! माझा जीव भांड्यात पडला. परत आल्यावर कैलास तमाशा करील म्हणून मी धास्तावले होते, पण त्यानं पेढे आणले आणि स्वतःच्या हातानं घरोघर वाटले.

“बघ,” आई म्हणाली. “उगा पाण्यात बघत व्हतीस त्याला.”

मला वाटलं, सुटले. आता एक महिना काढायचा आणि ह्या माणसाचं तोंड आयुष्यात पुन्हा बघायचं नाही.

लग्नाचा बस्ता सोलापूरला होता. दोन्हीकडची माणसं कापडाच्या दुकानात जमणार होती, आणि शालू मी पसंत करावा असं सुधाकरच्या आईचं म्हणणं होतं. त्या दिवशी सकाळी बार्शीला माझा पेपर होता. ठरलं असं की घरची माणसं कैलासच्या जीपनं पुढं जातील आणि मी पेपर देऊन एस्टीनं सोलापूर गाठीन. स्टँडवर अण्णा घ्यायला येणार होते. एस्टीच्या खिडकीशी बसून मी शालूच्या रंगाचा विचार करत होते. मला जांभळा हवा होता आणि आई हिरव्यासाठी हटून बसणार हे मला माहीत होतं.

सोलापूरच्या स्टँडवर उतरले तर समोर कैलास.

“अण्णा कुठायत?”

“दुकानात. गादीवर बसल्यात सरबत पीत. म्या म्हटलं, बसा तुमी, ताईला म्या आणतो.” त्यानं रिक्षाकडे हात केला. “चल.”

“मी चालत येईन. दुकान मला माहितीये.”

“ताई, चल म्हटलं ना.”

त्यानं मनगट धरलं. गिरणीमागे धरलं होतं तेच. आता मात्र आजूबाजूला भर दुपारचं भरलेलं स्टँड होतं, आणि मी घसा फाडून ओरडले. सोडा, धावा, हा माणूस मला ओढून नेतोय! माणसं जमली. केळीवाली उठून आली. काठी आपटत एक पोलीसही आला, आणि त्याला पाहून मला रडूच कोसळलं.

कैलासनं माझा हात सोडला नाही की आवाजही चढवला नाही. खाली मान घालून, चारचौघांत नाक कापलं गेलेल्या माणसासारखा तो म्हणाला, “बहीण हाय साहेब. लगीन ठरलंय पुढच्या महिन्यात. बस्त्याच्या दिवशी पळून चालली व्हती. काय सांगू तुमाला, आईबाप तिकडं दुकानात वाट बघायलेत.”

“खोटं बोलतोय!” मी म्हणाले.

“बस्ता हाय का आज?” पोलिसानं मला विचारलं.

“हो, पण...”

“ह्यो भाऊ हाय का तुझा?”

मी क्षणभर अडखळले. त्या क्षणानंच घात केला. “मानलेला,” मी म्हणाले.

“राखी बांधलीस का त्याला?”

कैलासनं बाही वर सारली. काळा दोरा सगळ्यांनी पाहिला. केळीवाली ‘अगं आई’ म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच कुणाचा तरी गळा कापून आले होते. पोलिसानं काठी काखेत मारली.

“भावाच्या तोंडाला काळं फासू नगंस. गप घरला जा.”

मी रिक्षाच्या दांडीला धरून बसले, आत शिरेना, तेव्हा त्या केळीवालीनंच माझी बोटं एकेक करून सोडवली. आत ढकलताना मायेनं म्हणाली, “असं करू ने बाळा.” मदत मागायला मी जमवलेल्या गर्दीनं मला त्याच्या ताब्यात दिलं.

रिक्षा दुकानाकडे वळलीच नाही. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, यंत्रमागांच्या गल्ल्यांत शिरली. तिथं घरटी माग होते आणि सगळे चालू होते. त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे. एका घराच्या खाली मागांची शेड होती, बाहेरून लोखंडी जिना आणि वर एक खोली. जिन्याच्या पायथ्याशी घरमालकीण सूत गुंडाळत बसली होती, तिला सगळे अंबक्का म्हणत.

“हीच व्हय बहीण?” ती कैलासला ओरडून म्हणाली. मग माझ्या रडक्या तोंडाकडे पाहून, “रडू नगंस ताई. भाऊ सांगत व्हता, डोस्कं जरा फिरलंय म्हनून. हितं ऱ्हावा बिनघोर. माझ्या घरात समदी संसारी मान्सं हैत. असलं-तसलं म्या हुंबऱ्याच्या आत घेत न्हाई. बहीण म्हनलं म्हनून खोली दिली.”

“अंबक्का, हा माझा...” मी सुरुवात केली, पण खाली चाळीसभर माग धडधडत होते आणि कैलासनं मला वर नेलं.

त्यानं आतून कडी लावली, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

खोली झाडूनपुसून लख्ख होती. भिंतीला देवाची तसबीर, खाली उदबत्ती. कोपऱ्यात नवी भांडी, नवा स्टोव्ह, गादीवर नवी चादर. माणूस संसार मांडतो तसा त्यानं मांडला होता. तसबिरीखालच्या फळीवर माझी फणी होती. माझ्या रिबनी, घडी घालून. एका पायातली चप्पल, धुऊन पुसून ठेवलेली. मी शाळेत असतानाची ओढणी. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, खिळ्याला लटकवलेली, केसांची एक वेणी होती. बारीक, लांब, व्यवस्थित तेल लावून घातलेली. ती माझ्या गुंतवळाची होती. तीन वर्षांचे माझे गळालेले केस त्यानं एकेक करून सोडवले होते, विंचरले होते आणि त्यांची वेणी घातली होती.

भिंतीला धरून मी ओकले. त्यानं पाणी आणून दिलं, स्वतः फरशी पुसली.

“म्या तुला त्रास देणार न्हाई,” तो म्हणाला. खडखडाटामुळं त्याला जवळ यावं लागत होतं. “तीन वर्सं झाली. येकदा तरी बोट लावलं का तुला? सांग. मोटरसायकलवर मागं बसायचीस, अंगाला अंग लागायचं, तरी म्या वळून बघितलं न्हाई. का? तर ह्यो हातात व्हता.” त्यानं मनगट पुढं केलं. “ह्यो असताना तुला शिवलो तर पाप हाय. आन् म्या पापी न्हाई.”

मी कडीवरच्या कुलपाकडे पाहिलं.

“तू बांधलाय. सोडायचा पण तूच. मग म्या तुझा भाऊ न्हाई. मग दिवस मावळायच्या आत मंगळसूत्र घालतो, शालू पण आणलाय. जांभळा.”

हा रंग मी कुणाला सांगितला होता? मैत्रिणीला, ओट्यावर बसून, एकदाच. म्हणजे तेव्हाही हा कुठंतरी आसपास होता.

“नाही सोडणार,” मी म्हणाले. “जन्मभर भाऊच राहशील माझा.”

त्याला राग आला नाही. फळीखालून त्यानं दुकानातली बाटली काढली, झाकण उघडलं. कापसावर मारायच्या औषधाचा तो उग्र वास शेतकऱ्याच्या पोरीला सांगावा लागत नाही. तो वास आमच्याकडं कुणाच्याही घरातून आला की आळीतली माणसं दार फोडायला धावतात.

“मग अर्धं तू, अर्धं म्या,” तो म्हणाला. “वर कुणी भाऊ-बहीण नसतंय.”

त्याच्या आवाजात धमकी नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. तो हे करणार होता. मी त्याच्या मनगटाला हात लावला. तीन वर्षांच्या घामानं, साबणानं ती गाठ दगड झाली होती. मी नखं घातली आणि हळूहळू उकरत राहिले. सुटावी म्हणून नव्हे; जेवढा वेळ गाठ सुटत नव्हती तेवढा वेळ मी जिवंत होते आणि माझ्या अंगाला त्याचा हात लागणार नव्हता. नख तुटलं. मी दुसरं घातलं. तो डोळे मिटून बसला होता, आई डोकं विंचरत असताना लहान मूल बसतं तसा.

“सुटत नाही,” मी म्हणाले.

“दातानं सोड,” तो डोळे न उघडता म्हणाला. दुसऱ्या हातात बाटली तशीच होती.

मी मान खाली घातली. त्याच्या हाताचा वास नाकात गेला. आणि तेवढ्यात लाईट गेली.

आधी पंखा थांबला. मग खालचे माग एकामागोमाग थांबत गेले, मग शेजारच्या शेडमधले, मग सगळ्या गल्लीतले. इतकी शांतता पडली की रस्त्यावर कुणीतरी खाकरलेलं वर ऐकू आलं. कैलासनं डोळे उघडले. मी खिडकीकडे तोंड करून जीव खाऊन ओरडले, “वाचवा! मला कोंडून ठेवलंय! हा मला विष पाजतोय! वाचवा, कुणीतरी या!”

कैलासनं माझं तोंड दाबलं नाही. जागचा हललासुद्धा नाही. खालून अंबक्काचा आवाज आला, अगदी स्पष्ट.

“ए ताई, किती वरडतीस? भाऊ तुझ्या भल्याचंच सांगतोय की! ऐक जरा त्याचं!”

“काय झालं गं अंबक्का?” कुणीतरी पुरुषानं विचारलं.

“काय न्हाई. भावा-बहिणीचं चाललंय.”

“मग आपुन कशाला पडायचं मधी,” तो माणूस म्हणाला, आणि काडी ओढून विडी पेटवल्याचा आवाज आला.

“वरड,” कैलास मला म्हणाला. “आजून वरड. दमलीस की सांग.”

त्या वेळी मला जे सुचलं ते कुठून सुचलं, मला आजही सांगता येत नाही. स्टँडवरचा पोलीस, ती केळीवाली, खाली सूत गुंडाळणारी ही बाई, सगळ्यांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढं आली. माणसं वाईट नव्हती. मी मेले असते तर ती हळहळली असती. पण भावानं बहिणीला मारलं, कोंडलं, विष पाजलं तरी त्यासाठी जिना चढणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. ती कशासाठी जिना चढतील, ते मला एकदम कळलं. लाईट कुठल्याही क्षणी परत येणार होती.

मी खिडकीचे गज धरले.

“अंबक्का!” मी ओरडले. “हा माझा भाऊ नाही! मी ह्याच्याबरोबर पळून आलेय! आमचं लग्न झालेलं नाही! तुमच्या घरात आम्ही असंच राहतोय!”

खाली सुताचं बंडल जमिनीवर पडलं आणि जिना हलायला लागला. अंबक्का पुढं, तिच्यामागं मागावरची माणसं, त्यांच्यामागं आणखी पावलं. लोखंडी पायऱ्या दणाणत होत्या.

मी वळले. कैलास उठून उभा राहिला होता. बाटली त्याच्या हातात कलली होती आणि औषध त्याच्या पायावर सांडत होतं, त्याला पत्ता नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो बघवत नव्हता.

“काय म्हणालीस?” तो हळूच म्हणाला. “परत म्हण.”

“दार उघड, मुडद्या!” बाहेर अंबक्का गरजली. “माझ्या घरात धंदे मांडतोस व्हय!”

“हेमा, परत म्हण ना.”

कडी पहिल्याच धक्क्यात चौकटीसकट उखडली. मागावरची ती तगडी माणसं आत घुसली आणि त्यांनी कैलासला लाथाबुक्क्यांनी तुडवला. बाटली फुटली, फळीवरचं सगळं खाली आलं. अंबक्कानं माझी वेणी मुठीत धरली.

“भवाने! भाऊ म्हनून खोली मागतीस? लाज न्हाई?”

ती मला ओढत जिना उतरली. ती ओढत होती त्याहून जोरानं मी उतरत होते. बघ्यांची रांग लागली होती. बायका थुंकल्या, एकीनं माझ्या पाठीत चप्पल घातली, दुसरीनं तिची चप्पल काढेपर्यंत मी गल्लीत पोचले होते. अंबक्कानं मला रस्त्यावर भिरकावलं आणि हात झटकले. मी उठले आणि अनवाणी पळत सुटले. त्या चपलेचा मार अजून पाठीत आठवतो, आणि आठवला की मला बरं वाटतं.

दुकानात सगळे गादीवर बसले होते. समोर शालूंचा ढीग होता, आईच्या मांडीवर हिरवा होता. मला बघून ती किंचाळली. मी बोलायला लागले आणि सगळं सांगेपर्यंत थांबले नाही.

पुढं पोलीस आले, अंबक्काचा जबाब झाला, तिनं जे कानांनी ऐकलं ते शपथेवर सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कैलासनंही तेच सांगितलं, ठाण्यात, फुटलेल्या ओठांनी, हसत. पोरगी स्वतः म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं, विचारा. तरी माझ्या तक्रारीवरून तो काही महिने आत होता. सुटल्यावर दुकान मोडून कर्नाटकात कुठंतरी गेला. कासारखेडला मात्र त्याच्यापेक्षा माझं तोंड जास्त काळं दिसत होतं. दगडूअप्पा म्हणाले, राखीसारखा पवित्र धागा होता, पोरीनं त्याची अब्रू घालवली.

आठ दिवसांनी सुधाकरचे मामा आले. चहाला शिवले नाहीत. सुपारीचा नारळ त्यांनी पाटावर परत ठेवला आणि म्हणाले, पोरीची चूक नाही हे आम्हालाही समजतं, पण त्या पोरीनंच ते चारशे लोकांत ओरडून सांगितलंय, आता आम्ही कुणाकुणाचं तोंड धरणार? आई आत भिंतीला डोकं टेकून रडत होती. मामा गेले.

अण्णांनी तो नारळ उचलून देव्हाऱ्यापुढं ठेवला. मग मला हाक मारली. मी जाऊन समोर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि तेव्हाही तो चढलेला नव्हता. काकुळतीला आल्यासारखे ते म्हणाले, “हेमे, तसलं बोलायची काय गरज व्हती गं? नुसतं ‘वाचवा’ म्हणायचं व्हतंस. मान्सं आली असती की.”

“म्हटलं होतं, अण्णा,” मी म्हणाले. “आधी तेच म्हटलं होतं.”